क्लच दाबून

"आवाज कसा हाय?" दस्तगीर मिस्त्री विचारतो.
मी म्हणते, घरघर. मग म्हणते, घरघर नाही, घूंऽऽ,
आणि त्याच्या आत कुठंतरी एक खुट्ट.
उद्यमनगरातल्या तीन लेथांच्या गदारोळात
फडक्याला हात पुसत तो ऐकतो
माझ्या तोंडून निघणारी जीप.

"वळताना का सरळ जाताना?"
"दोन्ही."
"दोन्ही म्हंजे कायबी न्हाई. नीट आठवा."

एकवीस वर्षं मीच हे विचारत आले
गोठ्यांच्या दारात, टॉर्च तोंडात धरून:
कधीपासून? चारा खाल्ल्यावर का आधी?
माणसं म्हणतात, डॉक्टरीणबाई, म्हस नुसती उदास हाय.
आज उदास म्हशीची मालकीण मी.

पाटबंधारे खात्याच्या लिलावातली, त्र्याण्णव सालची.
शिरोलीच्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स सांगितला,
बावड्याच्या मिस्त्रीनं डिफ्रन्स,
तिसरा न वाकताच म्हणाला, विका.

दस्तगीर शेजारी बसला. चपला काढल्या,
तळवे पत्र्यावर ठेवले.
पुईखडीचा चढ.
"ॲक्सिलेटर द्या. आता सोडा."
सोडलं तरी घूंऽऽ.
"पिनियन असतं तर सोडल्यावर सूर बदलला असता."
उताराला म्हणाला, "क्लच दाबून ऐका."
इंजिनाचा सगळा गोंगाट एकदम मागं पडला
आणि तरीही ते आमच्या खालून येतच होतं,
चाकांच्या गतीनं, हलक्या पावलांनी.

"ही किणकिण कसली?"
कॅल्शियमच्या बाटल्या. मागच्या पेटीत.
"मग ती तुमची. गाडीच्या नावावर नगा घालू."

परत आल्यावर चारी चाकं अधांतरी.
त्यानं लांब स्क्रू-ड्रायव्हर लावला नळकांड्याला
आणि मूठ कानामागच्या हाडाला.
मी माझा स्टेथोस्कोप पुढं केला.
त्यानं घातला, थोडं ऐकलं, काढून दिला.
"ह्यात लईच ऐकू येतंय."
मला हसू आलं. खरं होतं ते.
पहिल्या वर्षी मलाही प्रत्येक गाय मरायला टेकलेली वाटायची.
मग कळलं, डाव्या कुशीवर टिचकी मारायची,
पितळी भांड्यासारखा नाद आला तर पोट सरकलंय;
बाकीची गुडगुड जिवंतपणाची.

"पुढचं हब जाम हायत. कवापासनं, देव जाणे.
तुम्ही दोन चाकांवर चालवताय,
ह्यो पुढचा शाफ्ट उगंच फिरतोय फुकट."
चार बोल्ट. शाफ्ट खाली आला.
पुन्हा पुईखडी. घूंऽऽ नाही. खुट्ट नाही.
बाटल्या तेवढ्या.

क्रॉसची वाटी ठोकून काढली
तर आत सुयांच्या जागी तांबडी पूड,
कांडपातून आत्ताच आणल्यासारखी.
अख्ख्या सुया तीनच उरलेल्या.
ग्रीसची निपल मातीखाली, बोटानं खरवडून दाखवली:
"हितं कुणी हातच लावला न्हाई हो."
मला का कोण जाणे, ओशाळल्यासारखं झालं.
लिलावाच्या आधीची वर्षंही माझीच असल्यासारखं.

क्रॉस आठशे वीस, मजुरी चारशे.
हब मोकळे करायचे पुढच्या पगाराला.
"दुसऱ्या गिअरची कुंई ऱ्हाणार. दात झिजल्यात.
चालतंय तवर चालवा."

साळवणच्या अलीकडं, चौथ्या दिवशी,
अडलेल्या गाईकडं जाताना
काहीतरी. टिक् नाही, टक्ही नाही.
रेंजची एकच काडी. फोन लावला,
मोबाईल खिडकीबाहेर धरला,
वारा, रस्ता, उसाची ट्रॉली मागं पडली.
पलीकडं लेथ बंद झाल्याचं ऐकू आलं.
"परत एकदा," दस्तगीर म्हणाला. "क्लच दाबून."
मी दाबला.